संत्र्याच्या डिंक्या रोगासाठी ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी), कॉपरनंतर किती दिवसांनी टाकू? मदत हवी आहे

राम राम मंडळी, काटोलकडे आमची संत्र्याची 300 झाडं आहेत, जंभेरीच्या खुंटावर कलम केलेली, 11 वर्षांची. मी नागपुरात नोकरीला, शेत बाबा बघतात. मागच्या पावसाळ्यापासून 20-22 झाडांच्या बुंध्यातून डिंक वाहून राहिला, पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या आणि बारीक मूळ ओढलं की साल हातात येते, आत नुसता दोरा राहतो.

मागच्या जूनमध्ये ट्रायकोडर्मा शेणखतात मिसळून आळ्यात टाकलं आणि चारच दिवसांनी कोणी सांगितलं म्हणून त्याच आळ्यात कॉपर ऑक्सिक्लोराईड या बुरशीनाशकाचं पाणी सोडलं. आता कळतंय की कॉपरने ही चांगली बुरशीपण मरते. त्यात पाकिटं अख्खा मे महिना टिनाच्या शेडमध्ये होती, नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. बाबा म्हणतात जैविक काही कामाचं नाही, पण मला वाटतं चूक आमच्या वापरण्यात झाली. ही झाडं त्यांनी उन्हाळ्यात गुंडाने पाणी घालून जगवलीत, एकेक वाळताना बघवत नाही.

मृगाच्या आधी बुंध्याला बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) लावायचीच आहे, मग ट्रायकोडर्मा कधी टाकू? आणि डिंक आलेल्या झाडाला त्याचा फायदा होतो का?

उत्तर (कळमेश्वर):
भाऊ, डिंक आलेलं झाड ट्रायकोडर्माने बरं होत नाही, ते रोग यायच्या आधीचं काम आहे. ही मित्रबुरशी मुळाशी वाढून फायटोप्थोराची (डिंक्या आणणाऱ्या रोगजंतूची) जागा आणि अन्न खाते, त्याच्या तंतूंना वेढे घालते. आजारी बुंध्याची सडकी साल चाकूने खरवडून 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी अशी पेस्ट लावा, आळ्यात सांडू देऊ नका. मी त्यानंतर 15 दिवस थांबतो. ट्रायकोडर्मा ताजं घ्या, तारीख बघून. 1 किलो 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओल्या पोत्याखाली 10-12 दिवस ठेवा, मधे एकदा पालटा. हिरवट बुरशी दिसली की टाका, जमिनीत ओल असतानाच. आणि सगळ्यात आधी दुहेरी आळं करा, म्हणजे बुंध्याभोवती आतलं कडं आणि पाणी त्याच्या बाहेरच्या आळ्यात; फायटोप्थोराचे बीजाणू पाण्यात पोहतात, बुंध्याशी पाणी साचलं तर कशाचाच उपयोग नाही.

धागाकर्ता:
खूप आभार दादा. आमचं आळं एकेरीच आहे आणि पाणी थेट बुंध्याला लागतं, हे तर ध्यानातच नव्हतं. म्हणजे 20 मेपर्यंत पेस्ट, त्याच आठवड्यात शेणखत भिजत घालतो आणि 7 जूननंतर पहिला पाऊस पडला की टाकतो. दुहेरी आळ्यात आतलं कडं बुंध्यापासून किती फुटांवर ठेवता? झाडांचा घेर 14-15 फूट आहे.