थंडीने रक्त ‘गोठतं’ की पेशी ‘चिकटतात’?

प्रश्न : सासूबाईंना कोल्ड ॲग्लुटिनिन डिसीज निघाला आहे. गारठ्यात नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या, बोटं निळी पडतात, लघवी चहासारखी होते. घरी ‘थंडीने रक्त गोठतं’ असं सांगितलं, तर जो तो विचारतो, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू केल्या का? याला मराठीत काय म्हणावं?

प्रतिसाद : ताई, ‘गोठणं’ इथे नकोच. पाणी गोठतं आणि जखमेतलं रक्तही गोठतं, त्यामुळे ऐकणारा लगेच गुठळीवर जातो. या आजारात आयजीएम जातीची प्रतिपिंडं गारव्यात तांबड्या पेशींना धरतात आणि पेशी एकमेकींना चिकटतात. नमुन्याची नळी गार पडली की काचेवर कण दिसतात. तीच ३७ अंशांवर ऊबवली की कण विरतात. गोठलेलं रक्त असं सुटत नाही. म्हणून ‘थंडीने पेशी चिकटतात’ म्हणा. ‘समूहन’ हा शास्त्रीय शब्द आहे, पण घरात कोणाला कळणार?

प्रतिसाद २ : पुढचं अर्धं वाक्यही हवं : ‘आणि मग फुटतात’. खरा त्रास तिथे आहे. प्रतिपिंडांमागोमाग ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनं पेशींवर बसतात आणि अशा पेशी मुख्यतः यकृतात नष्ट होतात. त्यातून पांडुरोग, कावीळ, पुढे पित्ताशयात खडे. प्लीहा काढून सहसा उपयोग होत नाही, तो यामुळेच. आणि ‘गोठणं’ अगदी टाकूनही देऊ नका. या रुग्णांना शिरेत गुठळी होण्याचा धोका खरोखरच जास्त असतो. एक पाय अचानक सुजला, छातीत दुखलं, धाप लागली, तर तिथे हाच शब्द लागेल आणि तडक दवाखाना गाठावा लागेल. दोन्हींना एकच शब्द वापरला तर ही सूचना कानाआड होते.

प्रतिसाद ३ : ‘थंडीचा आजार’ही नको. आपल्याकडे ‘थंडीताप’ म्हटलं की मलेरिया. शिवाय भर उन्हाळ्यातही जंतुसंसर्गाने ताप आला की पेशी जास्त फुटून हिमोग्लोबिन उतरू शकतं. लोक मात्र मे महिन्यात निर्धास्त राहतात.

प्रश्नकर्ती : ‘थंडीने पेशी चिकटतात आणि फुटतात’ हे आईंना लगेच पटलं. त्यांच्या फाइलवर मराठीत लिहून ठेवलं आहे, खाली एक ओळ जोडून : ‘रक्त किंवा सलाईन द्यायचं झाल्यास ऊबवून द्यावं.’