मदत हवी आहे : प्रिंटरच्या गरम बेडवर कुठली काच टाकू? दोन गेल्या

मंडळी, ठाण्यात कोणी थ्रीडी प्रिंटर चालवतं का? जरा अडलोय. माझा एंडर थ्री आहे, बेड (ज्यावर वस्तू छापली जाते तो तापणारा पाट) २३५ बाय २३५ एमएम, आणि वर्षभर त्यावर नौपाड्यातल्या एका काचवाल्याकडनं कापून आणलेली साधी खिडकीची ४ एमएम काच चिमटे लावून वापरतोय. पीएलए (छपाईचं नेहमीचं प्लास्टिक) होतं तोवर मजेत चाललं होतं, बेड ६० अंशांवर, खालची बाजू अशी चकाचक यायची की येणारा जाणारा हात फिरवून बघायचा. मग गणपतीच्या मखराला पाइप जोडायचे सांधे हवे होते, दिव्यांमुळे पीएलए वाकेल म्हणून पीईटीजी (जास्त उष्णता सोसणारं प्लास्टिक) आणलं, बेड ८० वर ठेवला आणि तिथून साडेसाती सुरू. पहिल्या काचेवरचा सांधा काढताना शिंपल्याएवढा टवकाच उडाला, प्रिंटच्या बुडाला काच चिकटून आली. दुसरी तर टक् आवाज करून सरळ दोन तुकडे.

आता टिकाऊ काहीतरी घ्यायचंय. टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) घेऊ का बोरोसिलिकेट (प्रयोगशाळेच्या भांड्यांची काच)? काचवाला म्हणतो टफन करून देतो पण भट्टीला पाठवावी लागेल, एका तुकड्यासाठी कोण पाठवणार. बोरोसिलिकेट विचारलं तर म्हणाला, बोरोसिल ना, भांड्यांचं दुकान पुढच्या गल्लीत. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद : ऐरोलीकर
दादा आधी एक सांगा, प्रिंट काढता कसा? आणि दुसरी काच नक्की कधी फुटली, बेडवर असताना की काढल्यावर?

धागाकर्ता
बरं, कबूल करतो. घाई होती म्हणून गरम काच तशीच उचलून फ्रीजरमध्ये ठेवली, यूट्यूबवर बघितलं होतं की थंड झाली की प्रिंट आपोआप सुटतो. मटारच्या पिशवीशेजारीच फुटली, आईने अख्खा फ्रीजर रिकामा करायला लावला.

प्रतिसाद : ऐरोलीकर
मग काचेचा काय दोष हो! ८० वरनं उणे १८ म्हणजे जवळपास शंभर अंशांची उडी, साधी काच एकदम चाळीसेक अंशांचा फरक सोसते तेवढंच. साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळजवळ पावणेतीन पट पसरते, म्हणून बोरोसिलिकेट अशा झटक्याला तगते. पण टवक्याचं दुखणं वेगळं आहे, ते उष्णतेचं नाही. पीईटीजी काचेला इतकं घट्ट धरतं की आकसताना काचच ओढून काढतं, आणि बोरोसिलिकेटचाही टवका उडतो, माझा उडालाय, महागातली होती म्हणून जास्त लागलं. पीईटीजीला काच कुठलीही असो, मध्ये ग्लू स्टिकचा पातळ थर हवाच, चिकटवायला नाही तर सोडवायला.

टफन नको असं माझं मत. एकदा टफन केली की कापता येत नाही, माप आधीच अचूक द्यायला लागतं. भट्टीत कधी कधी हलका बाक पण येतो, मग पहिला थर मधे दाबला जातो नि कडेला सुटतो. आणि फुटली की पूर्ण चुरा.

प्रतिसाद : वाशीवाला
+१. एबीएस प्लास्टिकमध्ये करायचं असेल, बेड शंभरच्या वर, तरच बोरोसिलिकेटला पैसे घाला. नाहीतर साधी ४ एमएमचीच दोन तुकडे कापून घ्या, कडा घासून द्यायला सांगा, एक गेली की दुसरी. ३ एमएम घेतलीत तरी चालेल, ४ ची काच साधारण साडेपाचशे ग्रॅम भरते आणि ते सगळं वजन बेडबरोबर पुढे मागे पळतं. आणि सेन्सर आतल्या बाजूला असतो, वरची काच नंतर तापते, आकडा ८० दिसला की लगेच प्रिंट सोडू नका, दहा मिनिटं थांबा.

धागाकर्ता
भाचीच्या दप्तरातली ग्लू स्टिक लावून आज सकाळी एक सांधा काढला. बेड बंद करून पंख्याखाली गार होऊ दिला, चहा संपेपर्यंत हात लावला नाही, तर नुसत्या बोटाने सुटला, काच शाबूत. साधीच घेतो मग, दोन. अजून अकरा सांधे बाकी आहेत, प्रत्येक वेळी जुना थर धुवायचा की त्यावरच परत लावायचं?

प्रतिसाद : ऐरोलीकर
दोन तीन प्रिंट त्यावरच काढा, ओल्या फडक्याने पुसून सारखा करा. गठ्ठे दिसायला लागले की कोमट पाण्याने धुवा. कोमट म्हणतोय हं, आणि काच गार झाल्यावर.