जुने पीसी गेम्स आज पुन्हा खेळलात का? अनुभव सांगा

मासुंदाकाठी
नौपाड्यातली आमची इमारत पुनर्विकासाला गेली. महिनाअखेर चाव्या द्यायच्यात. माळा उतरवताना तांब्याचा बंब निघाला, आईचं शिवणयंत्र निघालं आणि त्यांच्यामागे सीड्यांचा चेनवाला पाऊच. एका सीडीवर दादाच्या अक्षरात: 'प्रिन्स, डेव्ह, अल्लादिन. हात लावू नये.' बांधाबांध राहिली बाजूला. रात्री डॉसबॉक्स (जुने गेम्स आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) टाकून प्रिन्स ऑफ पर्शिया सुरू केला, आता जेवणं झाली की रोज बसतो.

आठवण वेगळी आणि गेम वेगळा, हे मला पहिल्याच लेव्हलला जाणवलं. लहानपणी वाटायचं की तो प्रिन्स कीबोर्डचं ऐकत नाही. आता दिसतं की त्याच्या अंगाला वजन आहे. धावताना थांबवलं तरी तो एक पाऊल घसरतो, कड्याला लटकला की आधी हात ताणले जातात. गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरने धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत धावायला, उड्या मारायला लावून त्याचा व्हिडिओ काढला होता आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं होतं. मूळ गेम १९८९चा, अ‍ॅपल टू वरचा. आपण खेळलो ती डॉसची, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवरची, आवृत्ती १९९०ची.

चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारल्यावर सावली सुटते, आठवतंय? मशीनमध्ये नवा शत्रू ठेवायला मेमरी उरली नव्हती, म्हणून प्रिन्सचीच चित्रं बदलून ती सावली केली. त्या अडचणीतून अख्ख्या गेममधलं सगळ्यात सुंदर पात्र निघालं. शेवटी तिच्याशी लढलात तर जखम तुम्हालाच होते. तलवार म्यान करून तिच्या अंगावर चालत जायचं, की दोघं एक होतात. गेमभर लढायला शिकवून शेवटी लढू नकोस म्हणणारा गेम मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आणि साठ मिनिटांत गेम संपवायचं ते घड्याळ! सेव्ह केलं तरी गेलेला वेळ परत मिळत नाही. लहानपणी राग यायचा. आता वाटतं, घड्याळ काढलं तर प्रत्येक उडीची भीतीच निघून जाईल.

तुम्ही अलीकडे काय खेळलात? 'काय दिवस होते' एवढंच नको, आज खेळून कसं वाटलं तेही लिहा.

सेक्टर१५
मेगाहिट!!! प्रिन्सचा चीट कोड. डॉसवर प्रिन्स स्पेस मेगाहिट टाइप करायचं, मग शिफ्ट एल दाबत पुढे पुढे. वाशीच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासचे सर पाठ फिरवून फळ्यावर लिहायला लागले की अख्खी बॅच बाराव्या लेव्हलला.

कळवा_स्लो
नौपाड्यात कुठे हो? आमचीपण इमारत त्याच रांगेत आहे. भाडं वेळेवर मिळतंय का?

मासुंदाकाठी
@कळवा_स्लो राम मारुती रोडच्या मागची गल्ली. भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक मिळालेत. बाकी निरोपात बोलू.

खारीगावकर
आयजीआय, शत्रूच्या तळात एकट्याने घुसायचा शूटिंग गेम. पहिला, २०००चा. मागच्या पावसाळ्यात पूर्ण केला.

ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायला नको, मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. टॉवर झाले, कॅमेरे बंद केले, शेवटच्या कुंपणाशी आलो आणि एका गोळीत परत पहिल्यापासून. त्या काळी खारीगावात संध्याकाळी लाइट जायची, तेव्हा तर बोलायलाच नको. माझा चुलत भाऊ मॉनिटरसमोर हात जोडून बसायचा.

आज खेळताना दोन गोष्टी लख्ख दिसतात. गार्ड बावळट आहेत. एकाला पाडलं तरी शेजारचा तसाच उभा. अलार्म वाजला की बराकीतून माणसं निघतच राहतात, ती लढाई खोटी वाटते. पण ती मोकळी जमीन! टेकडीवर आडवं पडायचं, दुर्बीण लावायची, मॅप कॉम्प्युटरवर वरून तळ बघायचा आणि आपला रस्ता आपण ठरवायचा. बनवणारे नॉर्वेचे, इनरलूप. त्यांनी आधी लढाऊ विमानाचा सिम्युलेटर केला होता आणि त्याच्याच गेम-इंजिनवर, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरवर, हा गेम उभा केला. म्हणून जमीन दूरवर पसरलेली आहे. त्या काळातले बाकी शूटिंग गेम्स बोळकांड्यांत चालायचे, आयजीआयमध्ये आभाळ होतं. मला तो आजही आवडला, मनापासून.

पामबीच
+१ आयजीआयमध्ये आभाळ होतं. काय लिहिलंयस मित्रा.

ऐरोलीची_लेक
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते.

एज ऑफ एम्पायर्स दोन, गाव वसवून सैन्य उभारायचा गेम. भाऊ आणि मी, एकच कीबोर्ड. तो माउस धरायचा, मी एच दाबून टाउन सेंटर आणि गावकरी सांभाळायचे. सायबर कॅफेत मुलींनी जाऊन बसायची पद्धत नव्हती, म्हणून आमचं सगळं घरीच. आता तो कॅनडात. शनिवारी रात्री आमच्याकडे मुलं झोपली की त्याची सकाळ असते, तेव्हा डेफिनिटिव्ह एडिशनवर, म्हणजे नव्या आवृत्तीवर, खेळतो. परत जोन ऑफ आर्कपासून सुरुवात केली. दहाव्या वर्षी ती मोहीम म्हणजे फक्त लढाई होती. आता मध्ये येणारं निवेदन ऐकते, तो सैनिक तिच्याबद्दल किती जपून बोलतो! तिचं पुढे काय होणार हे माहीत असून शेवटाकडची मिशन्स खेळणं जड गेलं.

एक राहिलंच. दिवाळीत सोसायटीच्या आवारात किल्ला करायचो, तर गेममधली तटबंदी बघून आमच्या मातीच्या तटाला दोन पदर आले. पण भावाचं एकच म्हणणं, गेममध्ये दार सरळ भिंतीत का? रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे, समोरून दिसतसुद्धा नाही. हत्तीला धडक मारायला जागा मिळू नये म्हणून. त्याचं हे भांडण गेमशी अजून चालू आहे.

रात्रपाळी
गेममध्ये मराठे हवेत राव.

ऐरोलीची_लेक
@रात्रपाळी गेमचा काळ मध्ययुगाचा, महाराज त्यानंतरचे. २०२२मध्ये गुर्जर, बंगाली आणि द्रविड आले, आणि आधीचे इंडियन्स होते त्यांना हिंदुस्तानी केलं. हत्ती भरपूर आहेत, तेवढं समाधान.

शिट्टी झाली. येते.

सेक्टर१५
हाऊ डू यू टर्न धिस ऑन. एज ऑफ एम्पायर्सचा चीट कोड. निळी कोब्रा गाडी. धनुष्यबाणवाल्यांच्या मधून.

कळवा_स्लो
चीज स्टेक जिमीज 😄 हजार खाणं. आमच्याकडे स्पेलिंग कंपासपेटीत लिहून ठेवलेलं होतं.

जुईनगर_लोकल
मी गेमर वगैरे नाही, पण आईबद्दल लिहायचंय.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आई पलंगावर, टीव्हीला कंटाळलेली. माझा जुना लॅपटॉप दिला, त्यात पत्त्यांचं फ्रीसेल होतं. माझ्या बाबांच्या ऑफिसात पूर्वी तिने ते बघितलं होतं. आता रोज दुपारी खेळते, आणि सुटलेल्या डावाचा नंबर दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिते. तिला सांगितलं की जुन्या विंडोजमध्ये ३२,००० डाव होते आणि त्यांतला ११९८२ हा एकच कोणाला सुटलेला नाही. १९९४-९५मध्ये इंटरनेटवर लोकांनी डाव वाटून घेऊन एकेक सोडवले होते, तरी तो राहिलाच. आईने चष्मा पुसला आणि म्हणाली, लाव तो.

अजून लावतेय. नशिबावर नाही, सगळी पानं डोळ्यांसमोर उघडी असतात, हे तिला फार आवडतं. म्हणते, रमीत हरलो तर पानांना दोष देता येतो, इथे विचारच करावा लागतो. फिजिओथेरपिस्टने वीस मिनिटांनी उठून चालायला सांगितलंय, तर एक डाव झाला की एक फेरी, असं दोघींचं ठरलंय.

मासुंदाकाठी
@जुईनगर_लोकल आईंना नमस्कार सांगा. इथला सगळ्यात छान प्रतिसाद तुमचा.

पामबीच
काकूंना लवकर बरं वाटो. माझ्या आईचंही पुढच्या महिन्यात आहे, दोन्ही गुडघे. चालायला किती दिवसांनी लागल्या?

जुईनगर_लोकल
@पामबीच वॉकर घेऊन दुसऱ्याच दिवशी उभं केलं. घाबरू नका. घरी यायच्या आधी संडासात धरायला दांडी बसवून घ्या, आणि खुर्ची उंच लागते.

रात्रपाळी
लोकलमध्ये आहे, रबाळे गेलं. पटापट लिहितो.

कमांडोज, गार्डांना चुकवत शत्रूच्या तळात घुसायचा गेम. १९९८. स्पेनचा पायरो स्टुडिओ. तुर्भ्याला मित्राकडे खेळायचो, चार जण मागे उभे, प्रत्येकाचा वेगळा सल्ला. गार्डच्या नजरेचा तो हिरवा त्रिकोण फिरतोय आणि सगळे श्वास धरून. सुरी, ओढ, लपव, परत सुरी. आज मोठ्या स्क्रीनवर बघितलं तर पार्श्वभूमीची चित्रं अजून तेवढीच सुरेख, बर्फातली पावलंसुद्धा दिसतात. पण अवघड! हल्लीचे गेम्स चुकलास तर दोन पावलं मागे नेतात. हा सरळ संपवतो. मला तेच हवं होतं, कामावर दिवसभर कोणीतरी सांभाळून घेत असतं. गेमने तरी सरळ बोलावं.

खारीगावकर
गोंझोऑपेरा.

रात्रपाळी
@खारीगावकर अरे!! तो चीट कोड! मग शिफ्ट एक्स, मरीनला थेट जर्मन बोटीत. किती वर्षांनी हा शब्द वाचला.

घोडबंदर_यूटर्न
माझं मत वेगळं आहे, रागावू नका. व्हाइस सिटी परत लावला आणि सोडून दिला. रेडिओ, निऑनचे दिवे, समुद्राकाठची संध्याकाळ, ते सगळं अजून जबरदस्त. पण मिशन्स? ते खेळण्यातलं हेलिकॉप्टर घेऊन बांधकामावर बॉम्ब ठेवायचं मिशन, पीसीवर ते नमपॅडने (कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांनी) उडवायचं होतं. आता लॅपटॉपला नमपॅडच नाही. तेव्हा आमच्यापैकी कितीतरी जणांचा गेम तिथेच संपला होता, आणि पुढे शहर नुसतं फिरायला वापरायचो. आज कळतं की आम्हाला गेम कधी आवडलाच नव्हता, शहर आवडलं होतं. मॅक्स पेन मात्र एका रविवारी संपवला. २००१चा असून गोळीबार अजून ताजा आहे. हळू होणारा वेळ, मध्ये चित्रकथेची पानं, आणि सॅम लेकचा तो आंबट चेहरा. गोष्ट लिहिणाराही तोच आणि चेहराही त्याचाच.

सेक्टर१५
@घोडबंदर_यूटर्न शहर आवडलं होतं, हे एकदम पटलं. पण हेलिकॉप्टरचं मिशन सोपं आहे. आधी सगळे कामगार पाडायचे, मग निवांत बॉम्ब न्यायचे. बॉम्ब उचलल्याशिवाय वेळ सुरूच होत नाही.

घोडबंदर_यूटर्न
काय सांगता! हे तेव्हा कोणी का नाही सांगितलं. आज रात्रीच बाहेरून कीबोर्ड जोडतो.

जुना_कॅबिनेट
दुकानात गिऱ्हाईक नाही तोवर तांत्रिक माहिती लिहून टाकतो, बरेच जण निरोपात विचारतायत. १६ बिटचे प्रोग्राम ६४ बिट विंडोजवर सुरूच होत नाहीत. डॉसच्या गेम्ससाठी डॉसबॉक्स. गेम पळत सुटला किंवा रांगायला लागला तर कंट्रोल एफ११ ने वेग कमी, कंट्रोल एफ१२ ने जास्त. विंडोज ९८च्या काळातल्या ज्या मूळ सीड्यांना सेफडिस्कचं (नक्कल रोखणारं) कुलूप होतं त्या विंडोज १० पासून चालत नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. त्यांतले बरेच गेम्स गॉग या ऑनलाइन दुकानात कुलपाशिवाय मिळतात, सवलतीत वडापावच्या भावात. सीडीवर बुरशीचे ठिपके असतील तर मऊ सुती कापडाने मधून बाहेर पुसा, गोल गोल नाही. आणि आधी कॉपी काढून ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत सीडी फार टिकत नाही.

मासुंदाकाठी
@जुना_कॅबिनेट मनापासून आभार. पाऊचमधल्या अर्ध्या सीड्यांना ठिपके आहेतच, आज रात्री बसतो. तो मेकनर आठवला. त्याच्या मूळ कोडच्या फ्लॉप्या हरवल्या होत्या, २०१२मध्ये वडिलांना घरातल्या कपाटात खोका सापडला आणि त्याने तो कोड सगळ्यांना खुला केला. म्हणून सांगतो, घर रिकामं करताना कुठलाही खोका न उघडता भंगारात देऊ नका.

पामबीच
आमच्याकडे भंगारवाल्याला मॉनिटर दिला तर तो नको म्हणाला. जड आहे म्हणे.

कळवा_स्लो
क्रिकेट २००७ कोणीच नाही? आजही चालू आहे. लोक दर आयपीएलला नवे संघ, नवे कपडे करून टाकतात. पुल शॉटची वेळ अंगात भिनलीये, नवीन क्रिकेट गेम्सवर हातच बसत नाही.

खारीगावकर
ब्रायन लारा ९९! बॉयकॉट आणि अ‍ॅग्न्यूची कॉमेंट्री. आमचं इंग्रजी तिथे सुधारलं.

ऐरोलीची_लेक
परत आले. एक विचारायचंय. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला यातलं पहिलं काय देऊ? मोबाइलवर दर मिनिटाला जाहिरात येते, त्याला ती वैतागलीये.

रात्रपाळी
डेंजरस डेव्ह. दहा लेव्हल. कप घ्यायचा, दारातून जायचं. नियम समजावून सांगावे लागत नाहीत.

मासुंदाकाठी
@ऐरोलीची_लेक डेव्हला माझंही मत. बनवणारा जॉन रोमेरो, पुढे डूम हा शूटिंग गेम करणाऱ्यांतही तो होता. डेव्ह झाला की क्लॉ द्या, १९९७चा, मांजर कप्तान. चित्रं कार्टूनसारखी आहेत आणि चौदा लेव्हल्स खूप पुरतात. पण उड्या कठीण आहेत, शेजारी बसा. प्रिन्सला अजून दोन वर्षं थांबा, त्यातले खिळे आणि कात्री बघून आमचा भाचा रडला होता.

ऐरोलीची_लेक
डेव्ह लावला. जेटपॅक मिळालं तर तिने वरणभाताचं ताट सरकवून ठेवलंय.

सेक्टर१५
तिला सांगा, इंधनाच्या पट्टीकडे लक्ष ठेव. संपलं की मधेच खाली येतो.