गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आणि स्त्रियांचा स्वभाव

प्रश्न
गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांना बोलावण्याचे काम मी करते. माहिती सर्वांना सारखीच दिली तरी एक लगेच तयार होते, दुसरी ‘मला काही त्रास नाही, मग कशाला?’ म्हणते आणि तिसरी ‘काही निघालं तर?’ या धास्तीने येतच नाही. या फरकाचा स्वभावाशी संबंध आहे का?

प्रतिसाद १
ताई, संबंध आहे. कॅनडात २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिस्तप्रिय, बहिर्मुख आणि नव्या अनुभवांना मोकळ्या असणाऱ्या स्त्रियांना तपासणीतील अडथळे कमी वाटतात, असे आढळले. चिंताळू स्वभावाचे मात्र दुहेरी असते: आजाराचा धोका मोठा वाटतो आणि निकालाची भीतीही तितकीच मोठी वाटते, त्यामुळे नुसती काळजी वाढवून अशी स्त्री तपासणीला येईलच असे नाही. अर्थात हे केवळ कल आहेत. त्यांवरून एखाद्या स्त्रीविषयी भाकीत करू नये.

प्रतिसाद २
स्वभावाला इतके महत्त्व देणे मला पटत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशातील ३० ते ४९ वयाच्या जेमतेम २ टक्के स्त्रियांची ही तपासणी कधीतरी झाली होती. उरलेल्या ९८ टक्के स्त्रियांचा स्वभाव एकसारखा असणे शक्य नाही. याउलट तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने झालेल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेवा गावापर्यंत पोहोचली, तेव्हा बोलावलेल्या चारांपैकी तीनहून अधिक स्त्रिया आल्या आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. आधी सोय हवी, तीही स्त्री परिचारिकेच्या हातून आणि आडोशासह.

प्रतिसाद ३
सोय झाल्यावरही जी स्त्री मागे राहते, तिच्यापाशी मात्र स्वभावाचे भान उपयोगी पडते. ‘त्रास नाही’ म्हणणारीला सांगावे की एचपीव्ही विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा पंधरा-वीस वर्षे जातात आणि तपासणी त्या त्रास नसलेल्या काळासाठीच असते. धास्तावलेलीला निकालाआधीच समजवावे की एचपीव्ही चाचणी पॉझिटिव्ह येणे म्हणजे कर्करोग नव्हे, बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात आणि कर्करोगपूर्व बदल आढळले तर त्यांवर अनेकदा बाह्यरुग्ण विभागातच उपचार होतात. संकोची स्त्रीला, जिथे सोय असेल तिथे, नमुना स्वतः घेऊ द्यावा. कोणाचा स्वभाव कसा, याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ‘तुम्हाला नेमकं काय अवघड वाटतं?’ असे एकांतात, सासू किंवा शेजारीण जवळ नसताना विचारावे.