डेट नाईट करा न, पण लेकरं कोणाच्या मांडीवर टाकून?

बेसावाली: काल इथे आपल्या नागपूरच्या धरमपेठच्या एका ताईंनी लिहिलं की लहान लेकरं असलेल्या नवरा-बायकोने दर शुक्रवारी रात्री डेट नाईट ठेवायचीच, काही झालं तरी कॅन्सल करायची नाही आणि लेकरं आजी-आजोबांकडे सोडायची, "त्यांनाही तेवढाच विरंगुळा". वाचून डोकं सटकलं म्हणून लिहून राहिली. पहिले हे आजी-आजोबा आणायचे कुठून ते सांगा. सासू-सासरे यवतमाळला, माझी आई नाही. नवरा बुटीबोरीला, सेकंड शिफ्ट असली की घरी यायला साडेबारा. मोठी चार वर्षांची, लहाना दीडचा. शुक्रवारी रात्री आठ वाजता मी एका हाताने वरणभात कालवत असते अन् दुसऱ्या हाताने लहान्याच्या तोंडातला खडू काढत असते. त्यातून काजळ लावून सिव्हिल लाईन्सच्या कॅफेत जाऊन बसू? ज्यांच्या वरच्या मजल्यावर सासू राहते त्यांनी बाकीच्यांना संसार टिकवायचे धडे देऊ नये बाप्पा.

धरमपेठकर: मीच ती ताई. तुमच्याकडे कोणी नाही हे वाईट आहे, मान्य, पण म्हणून ज्यांच्याकडे आहे त्यांनीही घरीच बसायचं का? दुसरं झाल्यावर आमचं बोलणं फक्त "लस कधी आहे", "सिलिंडर बुक केलं का" आणि "तू झोपव, माझी पाठ गेली" एवढंच उरलं होतं. भांडण नाही, काही नाही, नुसती ड्युटी बदलणं. मग ठरवून बाहेर पडायला लागलो. कॅफे कोण म्हणालं? फुटाळा तलावावर गाडी लावायची, भुट्टा खायचा, तासाभरात परत. लेकरांबद्दल बोलायचं नाही हा एकच नियम, आणि तोच सगळ्यात कठीण आहे. पहिल्या वेळी दोघांना बोलायला काही सुचेचना, शेवटी शेजाऱ्यांच्या कुत्र्यावर बोललो.

नातवंडांची आजी: विरंगुळा म्हणे! मला विचारलं का कोणी? माझं भजनी मंडळ शुक्रवारीच असते. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, आणि तीन वर्षांचा नातू गच्चीच्या जिन्याकडे पळाला की माझा जीव वर जातो. पोरं नऊला येतो म्हणून जातात, अकराला येतात आणि दारातूनच, "आई, त्याला बिस्किट कायले दिलं? साखर बंद आहे न त्याची!" नातू जीव की प्राण आहे, ते वेगळं. पण आम्ही पाळणाघर नाही. पाळणाघराला निदान पैसे देता, सुट्टी देता.

मिहानभाऊ: काकूंचं बरोबर आहे अन् याला आकडे पण आहेत. २०२४ च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरातलं बिनपगारी काम जे करतात त्यांचा दिवसाचा सरासरी वेळ बायांचा २८९ मिनिटं, पुरुषांचा ८८. म्हणजे डेट नाईट कोणाला पाहिजे अन् कोणाच्या जिवावर होते ते बघा. पाळणाघराचं म्हणाल तर मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ची दुरुस्ती झाली, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असले की पाळणाघराची सोय पाहिजेच, आईला दिवसातून चारदा जाता येते. पण ते ऑफिसच्या वेळेपुरतं, रात्रीचं काय?

बेसावाली: दादा, आकडे राहू द्या, तुमच्या घरी शुक्रवारी भांडी कोण घासते ते सांगा.

मिहानभाऊ: मीच घासतो, बायकोला विचारा. अन् आम्ही कोणाकडे सोडत-बिडत नाही, लेकराला घेऊनच जातो. परवा सावजीत गेलो, पोरगं मस्त बसलं होतं.

गोळीबार चौक: थांबा थांबा. चार-पाच वर्षांचं लेकरू सावजीत? अबे ते भोजनालय आहे का बालवाडी? ती तर्री पाहून मोठे माणसं घामाघूम होतात, तुम्ही लेकराच्या ताटात काय वाढलं?

मिहानभाऊ: साधा भात अन् दही, भाऊ. रस्सा आम्हाला. काहून एवढे पेटले?

गोळीबार चौक: पेटलो कारण आजकाल कुठेही तिखट टाकून बोर्ड लावतात 'अस्सल सावजी', अन् मग तुमच्यासारखे फॅमिली आउटिंगला जातात. हे आमच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं खाणं आहे. आमची आजी जवसाच्या तेलात मटण करायची, मसाला घरी भाजायची, गल्लीच्या तोंडाशी वास यायचा. आता जवसाचं तेल वापरते कोण? रंग अन् मिरची टाकली की झालं सावजी!

एक बाप: पण दहीभात मागितला तर देतात का तिथे? मी मागितला तर वाढपी हसला होता.

गोळीबार चौक: हसणारच.

मिहानभाऊ: पाटोडी रस्सा घ्या, डाळ-कांदा घ्या, सगळं मटणच नसते सावजीत. अन् कोष्टी नसलेल्याने खाऊच नये का?

गोळीबार चौक: खा न, कोण नाही म्हणते? पण लेकरू शेजारच्या टेबलावर रडते तेव्हा आमची पण डेट नाईट खराब होते, ते पण लिहा कोणी.

बेसावाली: अहो विषय काय, चाललं काय! मी लेकरं सांभाळायचं विचारून राहिली अन् तुम्ही जवसाचं तेल काढून राहिले.

धरमपेठकर: गोळीबार चौकवाल्यांचं शेवटचं वाक्य मात्र खरं आहे. टॉकीजमध्ये पण तेच. यूए १६+ सिनेमाला दोन वर्षांचं पोरगं घेऊन येतात, ते मोबाईलवर फुल आवाजात कार्टून पाहते, आणि बोललं की आईबाप आपल्यावरच डोळे वटारतात.

एक बाप: ताई, तुमच्याकडे सांभाळायला माणूस आहे म्हणून तुम्ही बोलून राहिल्या. आम्ही नाही नेलं तर सिनेमा ओटीटीवर यायची वाट पाहायची. आणि सगळे आईचंच लिहून राहिले. मी रात्री साडेबाराला येतो, बायको अर्धी झोपेत ताट गरम करते, लहान्याला उठवायचं नाही म्हणून लाईट न लावता ओट्यापाशी उभ्यानेच जेवतो, ती बाजूला टेकून दिवसभराचं कुजबुजते. कोणाच्या कॅलेंडरवर नसते ते. कोणी म्हणेल ही डेट नाही, म्हणू द्या.

बेसावाली: हे लिहिणारा माझा नवरा तर नाही न? कारण ताट मी गरम करते, ठेवता तुम्ही सिंकमध्ये तसंच.

एक बाप: मी हिंगण्याचा आहे, ताई.

धरमपेठकर: बरं, "कॅन्सल करायचीच नाही" हे जरा जास्तच झालं, घ्या. खूश? पण ठरवल्याशिवाय होत नाही, हे मी सोडणार नाही. "जमेल तेव्हा" म्हणणाऱ्यांचं कधीच जमत नाही. आणि सासूबाईंना मी विचारते, गृहीत धरत नाही.

नातवंडांची आजी: विचारता म्हणजे चप्पल घातल्यावर विचारता का आधी?

धरमपेठकर: काकू, आधी.

नातवंडांची आजी: मग ठीक. माझी सून हे वाचत असेलच, तिच्यासाठी लिहून ठेवते. शुक्रवार माझा, बुधवारी ठेवा. आठ ते दहा. दहा वाजता फोन करीन आणि उचलला नाही तर नातवाला घेऊन मीच हॉटेलात येईन. बिस्किट देणार. आणि पार्सल आणायचं तर सावजी नको, ॲसिडिटी आहे मला, साधी डाळ-खिचडी आणा.

बेसावाली: काकू, बुधवारी बेसाला येता का? येण्या-जाण्याचा ऑटो मी देते.

गोळीबार चौक: डाळ-खिचडी! नागपुरात राहून!