मदत हवी आहे: मुंबई सिटी या फुटबॉल संघाची घसरण प्रशिक्षकामुळे की खेळाडू गेल्यामुळे?

मे २०२४ मध्ये मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएल (इंडियन सुपर लीग) चषक उचलणारा संघ पुढच्या मोसमात सहाव्या क्रमांकावर आला आणि मार्च २०२५ मध्ये बाद फेरीत बेंगळुरूकडून ०-५ हरला. सगळं खापर पेत्र क्रात्कींवर फोडणं मला पटत नाही. चषक जिंकला तेव्हाही तेच प्रशिक्षक होते. बदललं होतं ते पथक: मधल्या उन्हाळ्यात मधल्या फळीतला आपुइया बागानकडे गेला आणि डियाझ, नोगुएरा व राहुल भेके बेंगळुरूकडे.

माझ्या मते खरा फटका आपुइयाचा. बचावपटूकडून पाठमोरा चेंडू घेऊन वळायचं आणि चेंडू गेला की लगेच मधली जागा बुजवायची, ही दोन्ही कामं तो एकटा करायचा. मधल्या फळीत उरलेल्या फान नीफचा पास सुरेख आहे, पण त्याच्या आजूबाजूला धावणारा हवा. मधल्या फळीतला दुसरा खेळाडू ब्रँडन पुढे सरकला की मागे मोकळं मैदान उरतं आणि प्रतिहल्ला थेट सेंटर बॅकवर (मधल्या बचावपटूंवर) येतो. पुढे डियाझसारखा दबाव टाकणाराही उरला नाही.

हे आकड्यांत तपासायचं आहे. दोन्ही मोसमांतले त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचे सामने घेऊन, मधल्या पट्ट्यात चेंडू गमावल्यावर पाच सेकंदांत किती वेळा परत मिळाला, ते मोजतोय. अडचण अशी की आघाडीवर असलेला संघ मुद्दाम मागे बसतो, त्यामुळे आकडे फसवतात. फक्त बरोबरीतली मिनिटं धरावीत का? आणि डिसेंबर २०२३ मध्ये क्रात्की येण्याआधीचे सामने वगळावेत का? व्हिडिओवरून अशी मोजणी केलेल्यांनी कृपया पद्धत सांगा.