गवताखालची खडी आणि झिओलाइट

कुत्र्यांसाठी अंगणात कृत्रिम गवत घालताना, त्याच्या पाठीला भोकं असतात म्हणून खाली काय आहे याने फरक पडत नाही, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. मूत्र भोकांतून उतरतं खरं, पण खाली धुम्मस करून घट्ट केलेली चिकणमाती असेल तर तिथेच साचतं. जिवाणू त्यातल्या युरियाचा अमोनिया करतात आणि ऊन चढलं की वास वर येतो. मग वरून फिनेल ओतून उपयोग नाही (कुत्र्यांना ते घातकच). त्यापेक्षा माती खरवडून चारेक इंच खडी टाका, भुकटी नसलेली, आणि उतार घरापासून दूर द्या.

भरावाबद्दल, म्हणजे गवताच्या पात्यांमध्ये पसरायच्या दाण्यांबद्दल, फारसं कुणी बोलत नाही. साधी वाळू अमोनिया धरत नाही. झिओलाइट हे खनिज अमोनियम (अमोनियाचं पाण्यातलं रूप) पकडून ठेवतं. त्याची क्षमता संपते, त्यामुळे अधूनमधून नवे दाणे घालावे लागतात. मोकळ्या अंगणात वाऱ्याने येणारी धूळही भोकं बुजवते, तेव्हा नुसतं पाणी मारण्याआधी झाडून घेतलेलं बरं. आणि दुपारी हे गवत पंजे भाजण्याइतकं तापतं, सावली नसेल तर सगळं अंगण झाकू नका.